आपत्तीच्या पथकाची सुरुवात वॉर्डातल्या यादीपासून करा

जळगावहून एका तरुण फार्मासिस्टने विचारलं आहे: "आम्ही पंचवीस-तीस जण आहोत. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली, दोन-तीन निवृत्त सिस्टर, आम्ही मेडिकलवाले, एक फिजिओथेरपिस्ट आणि बाकी कॉलेजचे मित्र. पूर, अपघात, उष्माघात अशा वेळी शहरात आरोग्याची मदत करणारं पथक उभं करायचं आहे. एक देणगीदार तयार आहेत, तर ॲम्ब्युलन्स घ्यावी का? ट्रेनिंग कोण देतं? परवानगी कोणाची लागते? आणि आपत्ती नसते तेव्हा मुलांना काय काम द्यायचं?"

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, आधी परिचारिका म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून, जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत. या काळात उत्साहाने सुरू झालेली कितीतरी पथकं पाहिली. पहिल्या वर्षी जॅकेट शिवली जातात, फोटो निघतात, पुढच्या पावसाळ्यात फोन लावला तर निम्मे नंबर बंद. जी पथकं टिकली आणि ऐन वेळी खरोखर उपयोगी पडली, ती एरवी वर्षभर एखाद्या वॉर्डात काहीतरी साधं, कंटाळवाणं काम करत होती. लोक त्यांना नावाने ओळखत होते. म्हणून ॲम्ब्युलन्स सध्या नको. गाडीला चालक लागतो, डिझेल लागतं, पासिंग, विमा, देखभाल लागते, आणि चोवीस तास माणूस बसवावा लागतो. १०८ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, तिच्यात डॉक्टर असतो. तुम्ही दुसरी गाडी आणण्यापेक्षा १०८ येईपर्यंतची मिनिटं सांभाळायला शिकलात तर जास्त जीव वाचतील.

एक किंवा दोन वॉर्ड निवडा, सगळं शहर नको. नदीकाठचा किंवा नाल्याकाठचा सखल भाग, किंवा पत्र्याची घरं जास्त असलेली वस्ती घ्या. तिथल्या आशाताईंना भेटा, नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि ताईंच्या सोबत घरोघर जा. त्यांच्याशिवाय जाऊ नका. शहरी भागात एका आशाकडे साधारण १,००० ते २,५०० लोकसंख्या असते. तिला तुमच्या मदतीची गरज आहे, पण तिच्या डोक्यावरून कोणी वस्तीत काम सुरू केलेलं तिला आवडणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

घरोघर जाऊन करायची ती एक यादी: संकट आलं तर स्वतःच्या पायाने, स्वतःच्या बळावर घराबाहेर पडू न शकणारी माणसं कोण, आणि कोणाचा जीव विजेवर, औषधावर किंवा ठरावीक दिवशीच्या उपचारावर टिकून आहे. अंथरुणाला खिळलेले. एकटे राहणारे म्हातारे. आठवा-नववा महिना असलेल्या बाया, त्यांची अपेक्षित तारीख. आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला जाणारे. इन्शुलिन घेणारे, कारण ते थंड ठेवावं लागतं. ऑक्सिजनचं मशीन लावलेले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण. टीबीचा कोर्स चालू असलेले. मानसिक आजाराची किंवा फिटची गोळी रोज घेणारे. पुरात घर सोडायची वेळ आली की लोक आधी कागदपत्रं आणि दागिने उचलतात, गोळ्यांची पिशवी मागे राहते. तीन दिवस फिटची गोळी चुकली तर निवारा केंद्रात चौथ्या दिवशी काय होतं, हे तुमच्यातल्या निवृत्त सिस्टर सांगतील.

ही माहिती विचारण्याचीही एक पद्धत आहे. रेल्वे लाइनच्या पलीकडच्या एका वस्तीत आम्ही आशाताईंसोबत फिरत होतो. विद्यार्थिनी दारात उभी राहून विचारायची, "घरात कोणी आजारी आहे का?" आणि प्रत्येक घरातून उत्तर यायचं, "नाही, सगळे बरे आहेत." आजारी म्हणजे ताप, खोकला, दवाखाना. दहा वर्षांपासून खाटेवर असलेला माणूस घरच्यांच्या लेखी आजारी नसतो, तो तसाच असतो. मग ताईंनी अहिराणीत विचारायला सुरुवात केली, "लाईट गयी ते कोनले तरास व्हस?" पुढच्याच घरात सूनबाई म्हणाली, "आमना बाबाले. मशीन बंद पडस, मंग जीव घाबरस." आतल्या खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, शेजारी रिकामं सिलिंडर, आणि ते भरून कुठे मिळतं हे फक्त मुलाला माहीत. मुलगा कामाला पुण्याला. त्या एका प्रश्नाने त्या गल्लीत अशी आणखी घरं निघाली. तुमची प्रश्नावली अशीच असू द्या: वीज गेली तर, पाणी शिरलं तर, तीन दिवस दुकान बंद राहिलं तर.

यादी कागदावर ठेवा, एक प्रत आरोग्य केंद्रात आणि एक पथकाच्या एका जबाबदार माणसाकडे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोणाला टीबी आहे, कोण मनोरुग्ण आहे, हे गावभर झालं तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. घरच्यांना विचारून, त्यांच्या होकारानेच नाव लिहा. दर तीन महिन्यांनी यादी ताजी करा, कारण बाळंतपणं होतात, भाडेकरू बदलतात, माणसं जातात.

हे इतकं का सांगते आहे? ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. रात्रभराच्या पावसाने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगाव शहरात आणि आसपासच्या गावांत पाणी शिरलं, आणि त्याच वेळी कन्नडच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला. अशा वेळी बाहेरून कोणी लगेच पोहोचत नाही. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, ही खानदेशाची जमेची बाजू. पण तुकडीलाही निघायला, पोहोचायला वेळ लागतो. पहिले काही तास शेजारीच शेजाऱ्याला वाचवतो. त्या शेजाऱ्याला कोणत्या घरात खाटेवरचा माणूस आहे हे माहीत असेल तर तो सरळ त्या घरी जातो, नाहीतर जो जास्त ओरडतो त्याच्याकडे जातो.

आता परवानगीचं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापन कक्ष असतो. त्याचा नंबर १०७७. तिथे एक पत्र द्या, सोबत सदस्यांची यादी: नाव, शिक्षण, नोंदणी असेल तर नोंदणी क्रमांक, रक्तगट, फोन. दुसरं पत्र महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. पत्रात "आम्ही मदत करू इच्छितो" एवढंच लिहिलं तर ते फाइलला लागेल. "उन्हाळ्यात अमुक वॉर्डात दुपारी एक ते चार आमचे चार जण असतील, पुरात निवारा केंद्रात आम्ही नोंदणी आणि औषधांची तपासणी करू" असं नेमकं लिहा. अधिकाऱ्याला तुमचा उपयोग कुठे करायचा हे कळलं की तो करतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं जातं. पुढची तुकडी कधी आहे ते त्याच कक्षात विचारा. रेड क्रॉसकडे प्रथमोपचाराचे वर्ग होतात. तुमच्यातल्या कॉलेजच्या मुलांना विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतूनही आपत्ती व्यवस्थापनाच्या शिबिरांना जाता येतं.

आणि न बोलावता घटनास्थळी धावू नका. तुमच्या डोळ्यांसमोर घडलं तर अर्थातच थांबा आणि हात लावा. पण बातमी ऐकून पंचवीस जण मोटारसायकली काढून निघालात तर ॲम्ब्युलन्सची वाट तुम्हीच अडवाल. बोलावणं आलं की एकाच माणसाने कक्षाशी बोलायचं, कुठे हजेरी लावायची ते विचारायचं, पोहोचल्यावर तिथल्या प्रमुखाकडे नावं द्यायची आणि निघताना सांगून निघायचं. कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं हे माहीत नसेल तर बचाव पथक तुम्हालाच शोधत बसेल.

रस्त्यावरच्या जखमीला मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे तुमच्या वॉर्डात, रिक्षा स्टँडवर, हायवेच्या ढाब्यांवर सांगत राहा. पथकाच्या कामापैकी हेही एक काम समजा.

मात्र प्रथमोपचार आणि उपचार यांच्यातली रेघ पक्की ठेवा. विद्यार्थ्यांनी सलाइन लावायचं नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. फार्मासिस्टने पुराच्या धांदलीत अँटिबायोटिक वाटत सुटायचं नाही. तुमचं फार मोठं काम वेगळंच आहे: निवारा केंद्रात म्हातारीच्या हातातलं रिकामं पाकीट पाहून ती नेमकी कोणती गोळी घेत होती हे ओळखणं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीवर ती त्याच दिवशी मिळवून देणं. हे डॉक्टरला जमत नाही, तुम्हाला जमतं.

एक गोष्ट कागदावर दिसत नाही, ती आजच मोजून घ्या. तुमच्या पथकातली नोकरी करणारी नर्स मोठ्या अपघाताच्या रात्री तुमच्याकडे येणारच नाही, तिला तिच्या दवाखान्यातून बोलावणं येईल. तीच नर्स रेड क्रॉसच्या यादीत असेल, एखाद्या मंडळाच्या यादीतही असेल. जिल्ह्याची बेरीज करताना एकच माणूस तीन ठिकाणी मोजला जातो आणि प्रत्यक्षात एकाच ठिकाणी उभा राहतो. म्हणून पथकाचा कणा निवृत्त सिस्टर, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि आरोग्याबाहेरची मुलं यांचा ठेवा. वाहन चालवणारा, नोंदी लिहिणारा, पावरी किंवा भिली या आदिवासी बोली बोलणारा, जिना चढून खाट खाली आणू शकणारा अशी माणसं नर्सइतकीच लागतात.

आपल्या भागात सगळ्यात जास्त काम उन्हाळ्यात आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. पुराची बातमी होते. उन्हाने गेलेल्या माणसाच्या कागदावर बहुतेक वेळा दुसरंच कारण लिहिलेलं असतं. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त गेलं, किंवा सरळ ४५ अंशांना पोहोचलं, की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. ४७ला तीव्र लाट. जळगाव-भुसावळला ४५ नवीन नाही, त्यामुळे लोक "आपल्याला सवय आहे" म्हणतात. शरीराला सवय होते ती हळूहळू, आठ-पंधरा दिवसांत, आणि तीही पुरेसं पाणी आणि रात्रीची झोप मिळाली तर. पत्र्याच्या खोलीत रात्री अंगाची काहिली थांबत नसेल तर दुसऱ्या दिवशी शरीर थकलेलंच सुरुवात करतं. अहमदाबादने २०१० साली उष्णतेची भयंकर लाट पाहिली आणि २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला. त्यात मोठी यंत्रं नव्हती. इशारा वेळेवर लोकांपर्यंत नेणं, दवाखान्यांना तयार ठेवणं, उन्हात काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचणं, हेच होतं. तुमच्या वॉर्डापुरतं हे तुम्ही करू शकता.

बाजार समितीत मे महिन्याच्या दुपारी मी पाहिलेला प्रसंग सांगते. एक हमाल, चाळिशीचा, पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला आणि कोणाला तरी शिव्या द्यायला लागला. लोक हसले, त्यांना वाटलं प्यायला आहे. जवळच्या एका मुलाने प्रशिक्षण घेतलेलं होतं. त्याने नाव विचारलं, गाव विचारलं. उत्तर भलतंच. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. तोवर एक जण कांदा फोडून नाकाशी धरत होता, दुसरा तोंडात पाणी ओतू पाहत होता. मुलाने दोघांना थांबवलं. चौघांनी त्याला शेडमध्ये ओढलं, शर्ट काढला, टाकीतलं पाणी बादलीने अंगावर ओतलं, केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे घेऊन दोघे वारा घालत राहिले. एक जण पळत रसवंतीवर गेला आणि बर्फ घेऊन आला. तो फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. १०८ला फोन आधीच झाला होता. गाडी आली तेव्हा तो माणूस स्वतःचं नाव नीट सांगत होता.

यातला क्रम लक्षात ठेवा. उन्हात असलेला माणूस बरळतो, झोकांड्या खातो, चिडतो, बेशुद्ध होतो, म्हणजे मेंदूला उष्णता लागली आहे. शरीराचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असतं आणि हा उष्माघात आहे. घाम आटलेलाच असतो असं नाही, मेहनतीचं काम करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो. आधी थंड करायचं, मग हलवायचं, आणि गाडीतही थंड करणं चालूच ठेवायचं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही नको, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा आजाराचा ताप नाही.

शुद्धीवर असलेल्या, पण गळून गेलेल्या, पायात गोळे येणाऱ्या माणसाला सावली, पाणी, मीठ. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासात थोडं थोडं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, कैरीचं पन्हं, भाताची पेज, सगळं चालतं, मीठ घातलेलं असू द्या. तुमच्या यादीतल्या ब्लडप्रेशरच्या, हृदयाच्या, मानसिक आजाराच्या रुग्णांना उन्हाळा सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटायला लावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. गोळी स्वतःहून बंद करायला मात्र सांगू नका.

सराव कुठे करायचा? अमळनेरला वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या पात्रात, ऐन उन्हात, रथाला आणि पालखीला प्रचंड गर्दी. गर्दी, ऊन, म्हातारी माणसं, हरवलेली मुलं, सगळं एकत्र. तिथल्या आरोग्य पथकाच्या हाताखाली तुमचे आठ-दहा जण दिवसभर उभे राहिले तर वर्गातल्या महिनाभराच्या शिकवणीइतकं शिकतील. लग्नसराईतही तेच. दुपारच्या मुहूर्ताला मंडपात पाण्याच्या पिंपाशेजारी ओआरएसचं पिंप ठेवायला यजमानांना सांगा, कोणी नाही म्हणत नाही.

अपघातांचं बोलायचं तर खानदेशातून मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे महामार्ग जातात, आणि भुसावळसारखं रेल्वेचं जंक्शन आहे. ४ जुलै २०२३ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडक देत हॉटेलात घुसला. ३१ ऑगस्ट २०१९ला त्याच तालुक्यात वाघाडीला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. एकाच वेळी खूप जखमी असले की पहिला नियम: आधी स्वतःची सुरक्षितता. गळती, आग, विजेच्या तारा, धावती वाहनं पाहा, वाऱ्याच्या दिशेने धूर येत असेल तर पुढे जाऊ नका. मग कोणाला आधी न्यायचं याची रंगांनी वर्गवारी. "ज्यांना चालता येतं त्यांनी त्या झाडाकडे या" असं मोठ्याने सांगा. जे चालत आले ते हिरवे. उरलेल्यांत श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यांपैकी एक जरी असलं तरी लाल, म्हणजे सगळ्यात आधी. बाकीचे पिवळे. श्वासाची वाट मोकळी करूनही ज्यांचा श्वास सुरू होत नाही ते काळे, म्हणजे त्यांच्यापाशी न थांबता पुढे जायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, त्याचा सराव आधी बोलून करावा लागतो, नाहीतर पाय तिथेच रुतून बसतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड आणि तळहाताचा सरळ, न सोडता दाब. फडकं भिजलं तर त्यावर दुसरं, पहिलं काढायचं नाही. एकट्याच कोसळलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब. हे पुतळ्यावर करून घामाघूम झाल्याशिवाय येत नाही.

२२ जानेवारी २०२५ला पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. आग लागलेली नव्हती. ही घटना मी प्रत्येक वर्गात सांगते. गर्दीत शांत, मोठ्या आवाजात एकच स्पष्ट सूचना देणारा माणूस हा वैद्यकीय मदतीइतकाच महत्त्वाचा आहे. तुमच्या ग्रुपवर आलेला "धरण फुटलं"चा मेसेज कक्षाला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट केली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

पुराचं गणित आपल्याकडे धरणांवर चालतं. हतनूरचे ४१ दरवाजे किती उघडले, गिरणा आणि वाघूरमधून किती सोडलं, धुळ्यातून वाहणाऱ्या पांझरेला वरून किती आलं, हे आकडे पावसाळ्यात रोज पाहणारा एक माणूस पथकात ठेवा. पांझरा आणि गिरणेच्या १८७२च्या महापुराची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे, म्हणजे धुळ्याला हा धोका नवा नाही. पूर ओसरल्यावर खरं आरोग्याचं काम सुरू होतं: पाणी. टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, जुनी, ओलसर असेल तर तिच्यात दम राहत नाही. ती टाकल्यावर अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन तपासायची चाचणी, करा, पाणी पिवळं झालं तरच क्लोरीन आहे. नळाच्या टोकाच्या घरी तपासा, टाकीपाशी तर ते चांगलंच येतं. चिखल उपसणाऱ्यांच्या पायावर जखम असेल तर गमबूट, आणि त्यानंतर ताप आला तर लगेच दवाखाना, कारण लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) शंका घ्यावी लागते. त्यासाठीच्या प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाही ते वैद्यकीय अधिकारी ठरवतील.

पाणी आणि डेंग्यू हे नातंही विसरू नका. आपल्या शहरांत नळाला रोज पाणी नाही, लोक पिंपं, टाक्या भरून ठेवतात आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. "पाणी साठवू नका" हा सल्ला निरुपयोगी आहे. झाकण घट्ट बसतं का पाहा, आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासून कोरडं करा, मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. तुमच्या मुलांना दर आठवड्याचं हेच काम द्या. बॅटरी घेऊन पिंपात अळी दाखवली की घरची माणसं स्वतःच झाकणं शोधतात. आणि त्याच फेरीत तुमची यादीही ताजी होते.

शेतीच्या गावांत जायचं झालं तर सर्पदंश आणि फवारणी. साप चावला की कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवायचा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. असं कोणी सांगितलं तर साप दिसला नसला तरी थांबू नका. कपाशीवर फवारणी करताना कोणाला घाम, लाळ, उलटी, डोळ्यांसमोर अंधारी आली तर हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, साबण-पाण्याने धुवा, औषधाची बाटली सोबत न्या. उलटी करायला लावू नका.

नंदुरबारचं चित्र वेगळं आहे. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवरून अजूनही बाळंतिणीला बांबूच्या झोळीत रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथे पथक म्हणजे गावातलीच चार मजबूत माणसं, एक दाई, आणि गरोदर आणि बाळंतिणींसाठीची १०२ची गाडी कुठपर्यंत येते हे माहीत असलेला एक जण. आदिवासी भागात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. ऊन, पाण्याची कमतरता, ताप, थंडी, जास्त श्रम यांनी त्याचं दुखणं उफाळतं. ऊसतोडीला, केळीच्या कामाला रावेर-यावलकडे किंवा गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना निघण्याआधी सिकलसेलचं कार्ड आणि गोळ्या सोबत दिल्या का हे पाहणं, हा मी तरी आपत्तीच्या तयारीचाच भाग मानते.

पथकाच्या माणसांचं आरोग्यही तुमच्याच जबाबदारीचं. प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं हवं, रक्ताशी संबंध येणाऱ्यांचं हेपटायटिस बीचं लसीकरण पूर्ण हवं. कोणालाही सलग बारा तासांपेक्षा जास्त ठेवू नका. मृतदेह हाताळलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी घरी जाऊन भेटा, चार-पाच दिवसांनी पुन्हा भेटा. झोप लागत नाही, जेवण जात नाही, असं महिनाभर चाललं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात सोबत घेऊन जा, एकट्याला पाठवू नका.

देणगीदारांना काय सांगायचं? दोन स्ट्रेचर, सीपीआर (छातीवर दाब देणं) शिकवायचा एक पुतळा, ओटी टेस्टच्या बाटल्या, हातमोजे, बँडेज, बॅटऱ्या, एक पोर्टेबल लाउडस्पीकर, आणि स्वयंसेवकांचा अपघात विमा. विमा सगळ्यात आधी. उरलेल्या पैशातून यादीतल्या ऑक्सिजनवरच्या घरांसाठी एक भरलेलं राखीव सिलिंडर आरोग्य केंद्रात ठेवता आलं तर पाहा. ते महिन्यातून एकदा तपासायचं काम कोणाच्या नावावर आहे, हे भिंतीवर लिहून ठेवा.

आशाताईंची भेट याच आठवड्यात घ्या. कक्षातली आणि महापालिकेतली पत्रं यादी निम्मी झाली की द्या, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर बोलायला हातात काहीतरी असेल. फेब्रुवारीपर्यंत उन्हाळ्याची वेळापत्रकं लागायला हवीत, कारण मार्चच्या शेवटापासून ऊन थांबत नाही.